मराठी पुस्तिका उपलब्ध आहे

बाळकुमच्या शुभसागर हाइट्सची लिफ्ट रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली. आधी एक हिसका बसला, मग वर कुठेतरी लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज झाला आणि मग काहीच झालं नाही. ते काहीच न होणं जास्त वाईट होतं.

आत तिघं होते. नवव्या मजल्यावर राहणारा विनीत दुधाच्या दोन पिशव्या घेऊन उभा होता. त्याच्या शेजारी सोसायटीचे अध्यक्ष परशुराम मोंडकर होते. ते खोपटच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुठेही चार माणसं उभी दिसली की त्यांना रांगेत लावावंसं वाटायचं. तिसऱ्या होत्या आवडाबाई. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून त्या आठवड्यातून तीनदा मासे घेऊन यायच्या. त्यांच्या पायाशी कोलंबीची टोपली होती आणि कोलंबीवर बर्फ होता.

परशुरामकाकांनी घंटेचं बटण दाबलं, थांबून पुन्हा दाबलं आणि मागे वळून दोघांना सांगितलं की घाबरण्याचं काही कारण नाही. हे सांगताना त्यांनी घंटा तिसऱ्यांदा दाबली. विनीतलाही भीती वाटत होती, पण ती लिफ्टमध्ये अडकलेल्या कुठल्याही माणसाला वाटते तेवढीच होती. दाराशेजारचा छोटा पडदा आपोआप उजळला तेव्हा मात्र ती बदलली.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'मदत पुस्तिका – मराठी.'

काकांच्या चेहऱ्यावर एवढ्या संकटातही समाधान दिसलं. महिन्यापूर्वी लिफ्टला हा पडदा बसवला तेव्हा तो इंग्रजीत होता. मागच्या रविवारी काकांनी कमिटीत ठराव करून तो मराठी करून घेतला होता. बसवणारा माणूस म्हणाला होता, मराठी आहे असं यादीत दिसतंय, पण आजवर कुणी लावलेलं नाही. त्यावर काका म्हणाले होते, मग आम्ही लावतो.

विनीतला हा ठराव माहीत नव्हता. तो त्या रविवारी सासुरवाडीला डोंबिवलीला गेलेला. आणि आता त्याच्या हातातल्या दुधाच्या पिशव्या हळूहळू जड व्हायला लागल्या, कारण त्या पडद्यावर मराठी पुस्तिका कशी आली हे त्या लिफ्टमध्ये फक्त त्यालाच ठाऊक होतं.

विनीतची कंपनी वागळे इस्टेटमध्ये होती. लिफ्ट, बॉयलर, क्रेन असली यंत्रं बनवणारे लोक आपापल्या पुस्तिका निरनिराळ्या भाषांमध्ये द्यायचे आणि कुठल्या पडद्यावर कुठल्या भाषेतली पुस्तिका उघडायची हे विनीतच्या कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवायचं. ते कसं ठरवावं याचा नियम खुद्द विनीतने लिहिला होता. नियम सोपा होता. पडद्यावर जी भाषा निवडली असेल तिचं फोल्डर आहे का बघायचं. असेल तर तेच उघडायचं. नसेल तर हिंदी, आणि हिंदीही नसेल तर इंग्रजी. फोल्डरच्या आत काय आहे हे बघायची अट त्या नियमात नव्हती. ती घालायला आणखी दोन आठवडे लागले असते.

आणि मराठीच्या फोल्डरमध्ये काय आहे हेही त्याला माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. मराठी जोडाक्षरं पडद्यावर फुटत नाहीत ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. विनीतने लिफ्टच्या पुस्तिकेचं पहिलं पान स्वतः मराठीत केलं. तेवढ्यात संध्याकाळचे सात वाजले आणि अजून अकरा पानं राहिली होती. त्याच्या कॉम्प्युटरवर एका कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या बॉयलरची मराठी पुस्तिका पडून होती. त्याने तिची अकरा पानं उचलून इथे चिकटवली आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून जिथे जिथे बॉयलर होतं तिथे लिफ्ट टाकलं. नंतर बदलू, असं तो म्हणाला होता. त्याचा साहेब मितेश म्हणाला होता, बदलायची पण घाई नाही, अकराशे लिफ्टमध्ये आपला पडदा आहे आणि एकानेही मराठी लावलेलं नाही. मराठी माणूस स्वतःचा मोबाइलसुद्धा इंग्रजीत ठेवतो.

काकांनी खिशातून चष्मा काढला आणि पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली. पहिलं पान छान होतं. घाबरू नका, लिफ्टमध्ये हवा खेळती असते, मदत येत आहे. आवडाबाईंनी मान हलवली. मग काकांनी पान उलटलं.

"लिफ्टच्या आतील दाब स्थिर असल्याची खात्री करावी. दाब वाढत असल्यास बेसावध राहू नये."

काका थांबले. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. सकाळची गोळी घेतली होती, दुसरी घरी डबीत होती. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची नाडी धरली आणि थोड्या वेळाने म्हणाले की दाब वाढतोय हे खरं आहे.

विनीत म्हणाला की काका, हे सगळं वाचायची गरज नाही, मेकॅनिक येईलच. काकांनी त्याला नियंत्रक खिडकीबाहेरच्या प्रवाशाकडे बघतो तसं बघितलं. वरून लेखी सूचना आली की ती संपूर्ण वाचायची आणि मगच काय ते करायचं, हे ते एकतीस वर्षं करत आले होते. त्यांनी पुढचं वाचलं.

"पाण्याच्या पातळीवर सतत लक्ष ठेवावे. पाणी दिसेनासे झाल्यास स्फोटाचा धोका अगदी जवळ आला आहे असे समजावे."

तिघांनीही खाली बघितलं. टोपलीतला बर्फ वितळून पाण्याचा एक ओहळ लिफ्टच्या फरशीवरून दाराकडे निघाला होता. दाराच्या फटीपाशी पोचून तो खाली अंधारात जात होता आणि दिसेनासा होत होता.

"सायब," आवडाबाई हळूच म्हणाल्या, "पानी तं चाललं."

काकांनी टोपली फटीपासून दूर ओढली. पाणी मग दुसऱ्या बाजूने निघालं. आवडाबाईंनी पदर सोडून तिथे दाबला. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि विनीतने तोंड उघडलंही. पण मोंडकरांना काय सांगायचं? की तुम्ही ज्या मराठीसाठी ठराव केला ते मराठी मी असं केलं? ते उद्याच कंपनीला पत्र लिहितील, परवा मितेश बोलावेल, आणि फ्लॅटच्या कर्जाचे अजून सतरा वर्षांचे हप्ते होते. त्याने विचार केला की अर्ध्या तासात सुटका होईल आणि मग संध्याकाळी घरी बसून गुपचूप ते फोल्डर काढून टाकता येईल. त्याने तोंड मिटलं. आवडाबाईंच्या पदरातून पाणी ठिबकत राहिलं.

तेवढ्यात इंटरकॉम खरखरला. खालून वॉचमन काळुराम बोलत होता. तो मुरबाडकडचा, वर्षभरापूर्वी इथे लागलेला, कामात चोख माणूस होता. त्याने सांगितलं की काळजी करू नका, खाली लॉबीतला पडदापण आपोआप चालू झालाय आणि त्याच्यावर बाहेरच्या माणसांनी काय करायचं ते मराठीत लिहिलंय. तो एकेक करून सगळं करतोय.

लॉबीतली पानं त्याच फोल्डरमधली होती.

विनीतने विचारलं, काय काय केलंस. काळुराम म्हणाला की पहिलं लिहिलं होतं, तळमजल्यावरील सर्वांना पन्नास मीटर दूर न्यावे, तर सगळ्यांना गेटबाहेर नेलंय, विनीत साहेबांच्या मॅडमपण तिथेच आहेत, त्या रडतायत. दुसरं लिहिलं होतं, मुख्य पुरवठा तत्काळ बंद करावा.

"ते आता करतो," काळुराम म्हणाला आणि कुणी काही बोलायच्या आत लिफ्टमधला दिवा आणि पंखा बंद झाला.

आता बॅटरीवरचे पडदे आणि इंटरकॉम तेवढे चालू होते आणि आतला उजेड पडद्याचाच होता. त्या निळसर उजेडात तिघांचे चेहरे एकमेकांना बरे दिसले नाहीत. पंखा थांबल्यावर हवा लगेच जड झाली आणि कोलंबीचा वास वर आला. काकांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं की पुस्तिकेत लिहिलंय तसंच एकेक होतंय. पंचविसाव्या वर्षी घाटात एसटीचे ब्रेक गेले तेव्हाही आपण एवढे घाबरलो नव्हतो, असं ते विनीतला म्हणाले, आणि मग खाली उकिडवे बसले.

इंटरकॉमवर काळुराम पुढचं वाचत होता. तो सातवी झालेला होता आणि अक्षर अक्षर लावून वाचायचा, त्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता.

"वरच्या बाजूचे हात-चाक पूर्ण सैल करून आतील सर्व काही तळापर्यंत सोडून द्यावे."

बॉयलरमध्ये याचा अर्थ साचलेलं पाणी काढून टाका एवढाच होता. पण शुभसागर हाइट्सच्या गच्चीवर लिफ्टची खोली होती, त्या खोलीत मशिनवर लाल रंगाचं एक हातचाक होतं, चाकाशेजारी ब्रेकचा दांडा होता, आणि खोलीची किल्ली काळुरामच्या कमरेला होती.

विनीत इंटरकॉमला तोंड लावून म्हणाला की काळुराम, वर जाऊ नकोस, चाकाला हात लावू नकोस, ते चुकीचं लिहिलंय.

काळुराम अगदी मायेने म्हणाला, "साहेब, तुम्ही आत हाय. भीती वाटनारच. मी बघतो." आणि त्याच्या बुटांचा आवाज जिन्याकडे गेला.

गच्चीपर्यंतचे बारा मजले चढायला माणसाला किती वेळ लागतो याचा विनीत हिशेब करू लागला. त्याने मोबाइल काढला. रेंजची एक काडी येत होती आणि जात होती. त्याने काळुरामला लावला, मग बायकोला, रुचिताला लावला, एकही लागला नाही. मेकॅनिकला लावावा तर नंबर नव्हता. त्याने दार दोन्ही हातांनी ओढून बघितलं, ते बोटभरही सरकलं नाही. काकांनी त्याला विचारलं की चुकीचं लिहिलंय हे तुला कसं माहीत. विनीत म्हणाला, असंच वाटलं. काका म्हणाले की छापील गोष्टीपुढे वाटण्याला काही किंमत नसते. आवडाबाई डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घेत होत्या. मध्येच डोळे उघडून त्यांनी विचारलं की आतलं सर्व काही म्हणजे आपणच ना.

मग लिफ्ट हलली.

फार नाही, वीतभर. पण वर गेली की खाली हे त्या अंधारात कुणालाच कळलं नाही. काकांनी विनीतचा दंड धरला आणि आवडाबाईंनी काकांचा. दुधाची एक पिशवी विनीतच्या हातातून सुटून फुटली. लिफ्ट पुन्हा थांबली. आणि विनीतचा मोबाइल वाजला.

नंबर काळुरामचा होता. विनीतने तो मेंटेनन्सच्या कामासाठी कधीतरी घेऊन ठेवला होता. त्याला वाटलं काळुराम आपल्यालाच विचारायला फोन करतोय.

"हॅलो, लिफ्ट कंपनी का?" काळुराम म्हणाला. "शुभसागरवरून वॉचमन बोलतोय. चाक अर्धं फिरलं, पुढं फिरत नाय. पुस्तकात लिवलंय, अडचण आल्यास या नंबरवर विचारावे, तो नंबर उतरवून आनला. तर जोर लावू का?"

विनीतला आठवलं. बाराव्या पानावर नमुन्यासाठी एक फोन नंबर हवा होता. भलत्याच माणसाला फोन जाऊ नये म्हणून त्याने स्वतःचाच टाकला होता.

काळुराम, मी विनीत, असं म्हणायला त्याने ओठ उघडले. पण विनीतचं काळुरामने मघाशीच ऐकलं नव्हतं. तो आत अडकून घाबरलेला माणूस होता. विनीतने घसा साफ केला आणि मितेश गिऱ्हाइकांशी बोलतो त्या आवाजात बोलला.

"जोर लावायचा नाही. चाकावरून हात काढा."

"काढला साहेब."

"दुसऱ्या कशालाही हात न लावता बाहेर या. दारावर मेकॅनिकचा नंबर आहे?"

"हाय. विठ्ठलवाडीचा कोन दौलत मेकॅनिक म्हनून हाय."

विनीतने सांगितलं की त्याला फोन करा, तो येईपर्यंत मेन स्विचलाही हात लावू नका आणि पडद्यावर काहीही लिहून आलं तरी करू नका. काळुराम हो हो म्हणत गेला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. कंपनीचा माणूस मिळाल्यावर कुणाचाही होतो. शेवटी त्याने विचारलं की साहेब, आपलं नाव सांगा, रजिस्टरला लिहावं लागतं.

विनीतने अंधारात शेजारच्या दोन चेहऱ्यांकडे बघितलं आणि नाव सांगितलं.

"आमच्याकडंपन एक विनीत साहेब हायेत," काळुराम म्हणाला. "ते आत अडकलेत. लई घाबरलेत बिचारे."

फोन बंद झाला. दूध फटीतून खाली ठिबकत होतं.

"कंपनीचा नंबर तुझा आहे?" काकांनी विचारलं.

"हो, काका."

"यातलं तू किती लिहिलंस?"

"पहिलं पान."

"आणि बाकीची?"

"बॉयलरची आहेत."

मग विनीतने सगळंच सांगितलं. जोडाक्षरं, सात वाजलेले, अकरा पानं, नियम, फोल्डर. त्याला वाटलं होतं काका चिडतील. काका चिडले नाहीत, आणि त्याचीच विनीतला जास्त भीती वाटली. ते पडद्याकडे बघत बसले. डेपोत वरून जे कागद यायचे ते त्यांनी एकतीस वर्षं माइकवरून वाचून दाखवले होते आणि तीनशे माणसं त्यांच्या शब्दावर फलाट बदलून धावली होती. त्या कागदांमधले किती कागद असेच कुणीतरी सात वाजता चिकटवलेले असतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला.

आवडाबाईंनी एकच गोष्ट विचारली. "म्हंजे आपन फुटनार नाय?"

"नाही."

"मंग ह्ये आदीच का नाय बोललास, बाला?"

विनीत म्हणाला की भीती वाटली.

"कोनाची? लिफ्टची का आमची?"

आवडाबाईंनी ओला पदर पिळला आणि टोपलीवर पसरला.

दौलत मेकॅनिक विठ्ठलवाडीहून यायला एक तास दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ तिघं पाठ टेकून फरशीवर बसले होते. वर बारीकसा आवाज झाला तरी तिघंही वर बघायचे. शेवटी लिफ्ट पाचव्या मजल्याला लागली आणि दार उघडलं तेव्हा काकांनी आधी आवडाबाईंना बाहेर जाऊ दिलं, मग विनीतला, आणि मग ते स्वतः आले. कोलंबी नासली होती. काकांनी ती सगळी विकत घेतली आणि काळुरामला कचऱ्यात टाकायला सांगितली.

त्या संध्याकाळी विनीतच्या घरची बेल वाजली. दारात काका उभे होते. त्यांच्या हातात दोन पानांचं पत्र होतं, विनीतच्या कंपनीच्या मालकाच्या नावे. मुद्दे क्रमांक घालून लिहिले होते आणि अक्षर टपोरं होतं. विनीतने ते उभ्याउभ्या वाचलं. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. काकांनी पत्र परत घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"सही केली आहे. तारीख घातलेली नाही," ते म्हणाले. "मला मराठी पुस्तिका हवी. माणसांना वाचवील अशी."

सोमवारी विनीतने मितेशला स्वतःच सांगितलं. मितेशने एसी चालू असूनही खिडकी उघडली. मग त्याने पहिल्यांदा ते मराठी फोल्डर काढून टाकलं आणि नंतर विनीतला दोन गोष्टी सांगितल्या. पुस्तिका नव्याने लिहायची. आणि नियमात अट घालायची, की पुस्तिका कुणीतरी जबाबदार माणसाने वाचून मंजूर केली असेल, त्याचं नाव खाली असेल, तरच ती उघडेल. नाव नसेल तर नाही. "परत असं झालं ना विनीत, तर तू गेलास आणि तुझ्यामागे मी गेलो," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून विनीतला कळलं की हे धमकीने म्हटलेलं नाही.

पुढचे बारा दिवस विनीत ऑफिसातून आला की काकांच्या घरी जायचा. आवडाबाई मासे विकून झाले की तिथे यायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणूनच काकांनी त्यांना बोलावलं होतं. काका वाचायचे, आवडाबाई ऐकायच्या आणि विनीत खोडायचा.

"उद्वाहकात अडकलेल्या व्यक्तींनी संयम बाळगावा," काकांनी पहिल्या दिवशी वाचलं.

आवडाबाईंनी विचारलं की हे कुणाला सांगितलंय. विनीतने ते खोडलं. मग त्याने लिहिलं, कृपया घाबरू नये. आवडाबाई म्हणाल्या की असं म्हटलं की माणूस जास्त घाबरतो, त्यापेक्षा ती पडणार नाही असं सांग. विनीतने दौलत मेकॅनिकला फोन करून विचारलं की पडत नाही ना. दौलतने का पडत नाही ते वीस मिनिटं समजावलं. त्यातलं एक वाक्य आवडाबाईंना पटलं आणि ते ठेवलं. एकदा काका आपलं एक लांबलचक वाक्य वाचवायला बरंच भांडले. आवडाबाई म्हणाल्या, "ह्ये वाचेपरेंत मानूस वरती पोचंल, सायब." काकांनी ते स्वतःच्या हाताने खोडलं.

शेवटी बारा पानांची दोन पानं झाली. लिफ्ट थांबली आहे. ती दोरांना धरून आहे, पडणार नाही. दार ओढू नका. खाली बसा. घंटा दाबा. बाहेरच्यांनी मेकॅनिकशिवाय कशाला हात लावू नये. आणि खाली दौलतचा नंबर होता. आवडाबाईंनी डोळे मिटून ते दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या की आता अडकले तर बसून राहीन.

शुक्रवारी संध्याकाळी विनीतने पुस्तिका चढवली, नवी अट लागू केली, की खाली नाव असलेली पुस्तिका सापडेपर्यंत एकेक फोल्डर बघत जायचं, आणि मंजूर करणाऱ्याच्या रकान्यात आवडाबाईंचं नाव लिहिलं. पात्रता असा पुढचा रकाना होता. त्यात त्याने लिहिलं, एक तास दहा मिनिटं आत होत्या. घरी आल्यावर त्याने लिफ्ट बोलावली, पडद्यावर मदतीचं पान उघडून वाचलं, आणि काकांच्या दारावर टकटक केली. काकांनी ते पत्र त्याच्यासमोर फाडलं. त्या रात्री विनीतला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

शनिवारी सकाळी साडेसातला मितेशचा फोन आला. लगेच ऑफिसला ये, एवढंच तो म्हणाला. आवाज असा होता की विनीत चहा तसाच ठेवून निघाला.

ऑफिसात तिन्ही फोन वाजत होते. सुरतच्या एका हॉटेलातल्या सात लिफ्ट सकाळपासून मराठी बोलायला लागल्या होत्या. इंदूरच्या हॉस्पिटलातली बोलत होती. हैदराबादहून एक माणूस विचारत होता की हे पडद्यावर काय लिहून आलंय आणि बसायचं आहे की उभं राहायचं आहे. दहापर्यंत अकराशेच्या अकराशे लिफ्टमधून फोन येऊन गेले. सगळीकडे फक्त मराठी पुस्तिका उघडत होती आणि पडदा दुसरी कुठलीही भाषा घ्यायला तयार नव्हता.

विनीत कॉम्प्युटरपुढे बसला. त्याने नियम तपासला. नियमात चूक नव्हती. मग त्याने हिंदी पुस्तिका उघडली आणि मंजूर करणाऱ्याचा रकाना बघितला. तो रिकामा होता. इंग्रजीचा रिकामा होता. गुजरातीचा, तेलुगूचा, सगळ्यांचे रिकामे होते. गेल्या सहा वर्षांत एकही पुस्तिका कुणी वाचून मंजूर केलेली नव्हती. सॉफ्टवेअरने सगळी फोल्डरं उघडून बघितली होती, त्यांतल्या एकाच पुस्तिकेखाली माणसाचं नाव सापडलं होतं, आणि त्याने तीच सगळीकडे लावली होती.

त्याने खुर्ची वळवून मितेशला ते दाखवलं. मितेशने सगळे रकाने स्वतः उघडून बघितले. बाहेर फोन वाजतच होते. मग त्याने दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"त्या आवडाबाईंना गुजराती कितपत येतं?"